वॉटर-स्लाइड डेकल : चारबागच्या इंजिनावरील अक्षरे स्केल मॉडेलवर कशी उतरवावीत

या टिपणात आपण वॉटर-स्लाइड डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे चित्र, स्केल मॉडेलवर कसे बसवायचे ते पाहणार आहोत. हे टिपण वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : डेकलमध्ये कोणते थर असतात, डेकलखाली चंदेरी झाक का दिसते, मॉडेलवर आधी चकचकीत वार्निश का मारावे लागते, आणि देवनागरी अक्षरांचे डेकल करताना कोणती वेगळी काळजी घ्यावी. उदाहरणासाठी आपण लखनौच्या चारबागचे एक डिझेल इंजिन आणि तिथल्या स्थानकाचा नामफलक घेऊ.

१. चारबागच का?

चारबागमध्ये उत्तर रेल्वेचा इंजिन-कारखाना आहे. वाफेच्या इंजिनांपासून सुरू झालेला हा कारखाना पुढे डिझेल आणि विद्युत इंजिनांच्या मोठ्या दुरुस्तीकडे वळला. जवळच आलमबागची डिझेल शेड आहे. ठरावीक काळानंतर इंजिन मोठ्या दुरुस्तीला आले की त्याला नवा रंग लागतो आणि क्रमांक, वर्ग, शेडचे नाव, रेल्वेचे नाव ही सगळी अक्षरे पुन्हा घातली जातात. म्हणजे प्रत्येक नव्या रंगाबरोबर आधीची अक्षरे पुसली जातात. इंजिन भंगारात निघाले की शेवटची अक्षरेही त्याच्याबरोबर जातात.

डब्ल्यूडीएम-२ या वर्गाचेच पाहा. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून ही इंजिने तयार होऊ लागली. डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही गाड्यांसाठी, आणि २ म्हणजे त्या मालिकेतील दुसरा वर्ग. कित्येक दशके देशभर धावलेली ही इंजिने आता मार्गांचे विद्युतीकरण होत गेले तशी निघून गेली आहेत. एखादे इंजिन अमुक साली कोणत्या शेडचे होते, त्यावर नाव कोणत्या लिपीत आणि कोणत्या जागी होते, हे दाखवणारे साधन म्हणजे छायाचित्रे आणि नीट केलेली मॉडेल. मॉडेलवरचे अक्षर चुकले तर ती नोंदच चुकते. म्हणून डेकल हे सजावटीचे काम नाही, दस्तऐवजाचे काम आहे, असे समजून हे टिपण वाचा.

चारबाग निवडण्याचे दुसरे कारण असे की चुकायला इथे भरपूर वाव आहे. घुमट आणि छत्र्यांची ती लाल-पांढरी प्रसिद्ध इमारत, जिची पायाभरणी १९१४ मध्ये झाली, ती उत्तर रेल्वेची. तिचा संकेत एलकेओ. तिला लागूनच असलेले लखनौ जंक्शन हे पूर्वोत्तर रेल्वेचे. त्याचा संकेत एलजेएन, आणि तिथे पूर्वी मीटरगेज गाड्या येत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या स्थानकाचे नाव चारबाग. एकाच चौकात तीन वेगवेगळ्या यंत्रणांच्या पाट्या आहेत. कोणाची पाटी कोणत्या फलाटावर लावता आणि कोणत्या रेल्वेचे नाव कोणत्या इंजिनावर लिहिता, हे आधी पक्के करा.

२. प्रमाणाचे गणित

रेल्वे मॉडेलमध्ये एचओ हे प्रमाण सर्वाधिक वापरले जाते : १:८७. या आकाराच्या गाड्या आणि देखावे पाहायचे असतील तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून सुरू आहे. जवळ असाल तर जरूर जा.

सुमारे १७ मीटर लांबीचे डब्ल्यूडीएम-२ इंजिन १:८७ प्रमाणात साडेएकोणीस सेंटिमीटरचे होते, म्हणजे शाळेतल्या पट्टीच्या जवळपास दोन तृतीयांश. आपल्या रुंद मार्गाचे दोन रुळांमधील अंतर १६७६ मिमी आहे. त्याला ८७ ने भागले तर १९.२६ मिमी येते. बाजारात मिळणारे एचओ रूळ मात्र १६.५ मिमी रुंदीचे असतात, कारण ते परदेशातील १४३५ मिमी मार्गावरून ठरले आहेत. म्हणजे आपले मॉडेल पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळांवर उभे राहते. हा फरक डोळा सहसा माफ करतो. नाव आणि क्रमांकातली चूक मात्र माफ होत नाही, कारण अक्षर आपण वाचतो.

आता अक्षरांचा आकार काढू. इंजिनाच्या अंगावर २० सेंमी उंचीची अक्षरे आहेत आणि त्यांची शिरोरेषा २.५ सेंमी जाड आहे असे धरा. मॉडेलवर :

अक्षराची उंची = २०० ÷ ८७ = सुमारे २.३ मिमी
शिरोरेषेची जाडी = २५ ÷ ८७ = सुमारे ०.२९ मिमी

६०० डीपीआयच्या छपाईत एका ठिपक्याला २५.४ ÷ ६०० = ०.०४२ मिमी जागा मिळते. म्हणजे शिरोरेषेच्या जाडीत जवळपास सात ठिपके बसतात; ती स्वच्छ उमटेल. पण ५ सेंमी उंचीचा, ५ मिमी रेघेचा बारीक मजकूर घ्या. त्याची रेघ ०.०५७ मिमीची होते. तिच्या वाट्याला जेमतेम सव्वा ठिपका येतो, आणि ३०० डीपीआयवर तर एकसुद्धा पुरा येत नाही. असा मजकूर तुटक उमटेल. काय छापता येईल आणि काय फक्त रेघेच्या आभासाने सुचवावे लागेल, हे छपाईनंतर नव्हे तर छपाईआधी याच गणिताने ठरवा.

३. डेकलची रचना

डेकल हा शब्द फ्रेंच ‘देकाल्कोमनी’ या लांबलचक शब्दाचा संक्षेप आहे. तंत्र मात्र तुमच्या घरात आधीच आहे. सिंगर शिवणयंत्राच्या काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी अशाच सरकचित्रांची असे. चिनी मातीच्या कपबश्यांवरची फुलेही पुष्कळदा डेकलच असतात. फक्त ती नंतर भट्टीत भाजून पक्की करतात.

खालून वर जाताना डेकलचे थर असे :

• आधाराचा कागद, जो पाणी शोषतो.
• पाण्यात विरघळणारा डिंक, बहुधा डेक्स्ट्रिन. हा पिष्टापासून बनतो. लिफाफ्याच्या कडेला आणि टपाल तिकिटांमागेही तो वापरत आले आहेत.
• पारदर्शक फिल्म. चित्र हिच्यावर असते आणि मॉडेलवर हीच जाते.
• शाई.
• घरी छापलेल्या डेकलवर शाईच्या वरती वार्निशचा संरक्षक थर.

पाकिटावरचे तिकीट काढायला संग्राहक ते पाण्यात भिजवतात. इथेही तेच घडते. पाणी कागदातून डिंकापर्यंत पोचते, डिंक सैल होतो आणि फिल्म कागदावरून सरकू लागते. ध्यानात ठेवा, डेकल उलटे करून चिकटवायचे नसते. ते सुलटेच सरकते, म्हणून छपाईही सुलटी करायची. आरशातली प्रतिमा नको.

फिल्मची जाडी १० मायक्रॉन धरली तर प्रत्यक्ष इंजिनावर ती १० × ८७ = ८७० मायक्रॉन, म्हणजे सुमारे पाऊण ते एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासारखी दिसेल. खऱ्या इंजिनावरील रंगाच्या अक्षराला असा काठ नसतो. आपले सगळे काम या एका वाक्यात मावते : फिल्म अशी बसवायची की ती फिल्म न राहता रंग वाटली पाहिजे. पुढच्या प्रत्येक पायरीचे कारण इथेच आहे.

४. चंदेरी झाक : दोष आणि त्याचे भौतिकशास्त्र

डेकल वाळल्यावर अक्षरांच्या भोवती पांढुरकी, चंदेरी झाक दिसते. हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे. अनेक जण डिंकाला किंवा पाण्याला दोष देतात. खरे कारण हवा हे आहे.

मॅट रंग मॅट दिसतो तो त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असल्यामुळे. त्यावर फिल्म ठेवली की ती उंचवट्यांवर टेकते आणि खळग्यांत हवा अडकते. फिल्मचा अपवर्तनांक सुमारे १.५ आहे, हवेचा १. अशा सीमेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा परावर्तित भाग किती, हे तुम्ही प्रकाशशास्त्रात शिकला आहात :

((१.५ – १) ÷ (१.५ + १))² = ०.०४, म्हणजे ४ टक्के.

अडकलेल्या हवेच्या थराला वर फिल्म आणि खाली रंग अशा दोन सीमा असतात, म्हणून साधारण ८ टक्के प्रकाश वाटेतूनच परत येतो. पांढऱ्या भिंतीवर ८ टक्के कोणाला जाणवणार नाहीत. गडद निळ्या किंवा काळ्या इंजिनावर मात्र ते ठळक दिसतात.

आता फिल्मखाली हवेऐवजी वार्निश आहे अशी कल्पना करा. वार्निशचा अपवर्तनांकही १.५ च्या आसपास असतो. दोन्ही अंक सारखे झाले की सूत्रातला अंश शून्य होतो. परावर्तन थांबते आणि फिल्म दिसेनाशी होते. म्हणून डेकलच्या आधी चकचकीत वार्निश मारायचे. ते खळगे भरते आणि फिल्मला टेकायला सपाट जागा देते. मॉडेल शेवटी मॅट हवे असेल तर डेकलनंतर मॅट वार्निश मारा. ‘शेवटी मॅटच करायचे आहे, मग मध्ये चकाकी कशाला?’ या नेहमीच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

५. दोन द्रावणे, दोन कामे

बाजारात दोन प्रकारची द्रावणे मिळतात. मायक्रोस्केल कंपनीची मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही जोडी प्रसिद्ध आहे. नावे जवळजवळ सारखी, कामे अगदी वेगळी.

पहिले द्रावण बसवण्याचे. पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. प्लॅस्टिकवर किंवा रंगावर पाणी थेंबाथेंबाने उभे राहते, पसरत नाही, आणि त्या थेंबांमध्ये हवा अडकते. बसवण्याचे द्रावण पृष्ठताण कमी करते, त्यामुळे द्रव पसरतो आणि हवेला बाहेर ढकलतो. यात बहुधा सौम्य ॲसिटिक आम्ल असते. म्हणूनच पुष्कळ मॉडेलकार पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून काम भागवतात. विद्यार्थ्याच्या खिशाला हा पर्याय परवडतो.

दुसरे द्रावण मऊ करण्याचे. यातील द्रावक फिल्मलाच काही मिनिटे लिबलिबीत करतो, मग ती बिजागऱ्या, रिव्हेट, झडपांच्या पट्ट्या यांच्या खाचांत उतरते. डब्ल्यूडीएम-२ च्या लांब हूडला दोन्ही बाजूंनी दारे आणि जाळ्या आहेत. त्यांवरून जाणारा पट्टा किंवा अक्षर या द्रावणाशिवाय नीट बसत नाही. ते लावल्यावर फिल्मला सुरकुत्या पडतात. घाबरून बोट लावू नका. वाळताना सुरकुत्या आपोआप ओढल्या जातात. हात लावलात तर मऊ झालेली शाईच फाटेल.

ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचा मोह टाळा. ॲसिटोन फिल्म विरघळवतो आणि मॉडेलचे पॉलिस्टायरीनही विरघळवतो.

६. छपाई : पांढऱ्या शाईची अडचण

भारतीय इंजिनांचे तयार डेकल सहज मिळत नाहीत, म्हणून बहुतेकांना स्वतः छापावे लागतात. इथे पहिला अडथळा पांढऱ्या रंगाचा. साधा प्रिंटर निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाया वापरतो. पांढरा रंग तो कागदाकडून उसना घेतो. पारदर्शक फिल्मवर पांढरे अक्षर छापायला सांगितले तर तिथे काहीच उमटत नाही. पिवळी शाईही अर्धपारदर्शक असते. गडद निळ्या रंगावर ती मळकट हिरवी दिसते.

यावर तीन मार्ग आहेत.

पहिला : पांढऱ्या फिल्मचा डेकल कागद. त्यावर अक्षरांभोवतीची पार्श्वभूमी इंजिनाच्या रंगाने छापायची आणि अक्षर कोरे सोडायचे. रंग तंतोतंत जुळणे अवघड जाते, म्हणून आधी नमुना छापून तो इंजिनाच्या शेजारी दिवसाच्या उजेडात धरून पाहा.

दुसरा : स्क्रीन प्रिंटिंग. लग्नपत्रिका छापणारे कारागीर आपल्याकडे गावोगावी आहेत आणि त्यांच्याकडे पांढरी शाई असते. डेकल कागद घेऊन जा आणि अक्षरे मोठ्या आकारात नव्हे, प्रत्यक्ष आकारात दाखवा. अगदी बारीक रेघा या पद्धतीत जाड होतात किंवा भरून जातात, हे लक्षात ठेवून अक्षराची रेघ ठरवा.

तिसरा : पांढऱ्या टोनरचा लेझर प्रिंटर. काही छपाईच्या दुकानांत तो असतो.

स्थानकाचा नामफलक मात्र सोपा. पिवळ्यावर काळी अक्षरे पांढऱ्या डेकल कागदावर साध्या प्रिंटरनेही चांगली येतात. कापल्यावर कडेची पांढरी रेघ दिसली तर ती पिवळ्या रंगाच्या कुंचल्याने झाका. सुरुवात याच फलकापासून करा.

इंकजेटची शाई पाण्यात पसरते. म्हणून इंकजेटवर छापलेल्या कागदाला भिजवण्याआधी पारदर्शक वार्निशचे दोन-तीन हलके हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. लेझरचा टोनर स्वतःच प्लॅस्टिकचा असल्याने त्याला ही गरज कमी असते. वार्निश फवारताना खिडक्या उघडा, मास्क लावा, जवळ गॅस किंवा पेटती उदबत्ती ठेवू नका.

७. देवनागरीचे पथ्य

हा भाग परदेशी पुस्तकांत तुम्हाला मिळणार नाही, म्हणून जरा विस्ताराने.

पहिली गोष्ट, भाषा. आपण मराठीत ‘लखनौ’ आणि ‘रेल्वे’ लिहितो. स्थानकाच्या फलकावर आणि इंजिनावर हिंदी असते : ‘लखनऊ’, ‘उत्तर रेलवे’. मराठी विद्यार्थ्याचा हात सवयीने ‘रेल्वे’ लिहून मोकळा होतो, आणि मराठी डोळ्याला ते खटकतही नाही. लखनौतल्या कुणाला ते पहिल्या नजरेत दिसेल. लखनौच्या फलकांवर हिंदी आणि इंग्रजीबरोबर उर्दूही असते. ती अक्षरे तुम्हाला वाचता येत नसतील तर त्यांचे चित्र समजून नक्कल करू नका. वाचता येणाऱ्या माणसाकडून टंकलिखित करून घ्या आणि छापल्यावर त्यालाच दाखवा. उर्दूत एक नुक्ता इकडचा तिकडे झाला की शब्द बदलतो.

दुसरी गोष्ट, ल. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ वेगळे आहेत. तसाच ‘श’ सुद्धा. हिंदी ‘ल’ला उजवीकडे सरळ उभा दंड असतो. आता गंमत पाहा : लखनऊ, आलमबाग, रेलवे, या तिन्ही शब्दांत ‘ल’ आहे. काही युनिकोड फॉन्टमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ ठेवली की ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाने उमटतात. फॉन्ट तोच, अक्षरसंकेत तोच, रूप वेगळे. म्हणून मजकुराची भाषा ‘हिंदी’ करा, मग अक्षरांचे रेखाचित्रात रूपांतर करा आणि छायाचित्राशी ताडून पाहा. जुन्या इंजिनांवरची पुष्कळ अक्षरे रंगाऱ्याच्या हातची असत. ती कोणत्याच फॉन्टशी तंतोतंत जुळणार नाहीत. तिथे छायाचित्रावरून रेखाटणे हाच मार्ग.

तिसरी गोष्ट, शिरोरेषा. रोमन अक्षरे एकेक करून लावली तर थोडे पुढेमागे खपून जाते. देवनागरी शब्द अखंड शिरोरेषेने बांधलेला असतो, त्यामुळे तो एकाच तुकड्यात लावा. दोन तुकडे केलेत तर जोड दिसणारच. शिरोरेषा थोडी जरी तिरकी झाली तरी लगेच कळते. पण हीच अडचण सोयीचीही आहे, कारण प्रत्येक शब्दाबरोबर एक सरळ पट्टी फुकट मिळते. इंजिनावर मास्किंग टेपची पट्टी आडवी लावा. तिची खालची कड म्हणजे तुमची संदर्भरेषा. शिरोरेषा तिला समांतर आली की शब्द सरळ.

चौथी गोष्ट, मात्रा आणि अनुस्वार. ‘रेलवे’च्या मात्रा शिरोरेषेच्या वर जातात. डेकल कापताना फिल्म शिरोरेषेपर्यंत कापली तर मात्रा जातील. हे वाचायला विनोदी वाटेल, पण दोन मिलिमीटरच्या अक्षरांत ते सहज घडते. भिंगाखाली कापा.

८. कृती

साहित्य : धारदार कटर, चिमटा, बशी, डिस्टिल्ड वॉटर, मऊ कुंचला, कापूसकाड्या, टिश्यू पेपर, मास्किंग टेप, दोन्ही द्रावणे, चकचकीत आणि मॅट वार्निश. बोअरचे जड पाणी वाळले की क्षारांचे पांढरे डाग ठेवते, म्हणून गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्या.

१) मॉडेलवर चकचकीत वार्निश मारा. एक दिवस वाळू द्या. बोटांचे तेल लागले असेल तर ओल्या मऊ फडक्याने पुसा.

२) छायाचित्र शेजारी ठेवा आणि जागा टेपने आखून घ्या. अक्षर दाराच्या मधोमध आहे की बिजागरीला लागून, हे मोजा. अंदाज करू नका.

३) डेकल अक्षरांच्या जवळून कापा, कोपरे किंचित गोल ठेवा. टोकदार कोपरा आधी उचलला जातो.

४) कोमट पाण्यात १०–२० सेकंद बुडवा. मग काढून ओल्या टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यात तरंगत ठेवू नका. सगळा डिंक धुऊन जातो आणि चित्र सुटून गुंडाळले जाते.

५) मॉडेलवर जिथे लावायचे तिथे बसवण्याच्या द्रावणाचा एक ओला थर द्या.

६) कागद मॉडेलला टेकवा आणि ओल्या कुंचल्याने चित्र कागदावरून मॉडेलवर सरकवा. चित्र ओढू नका. कागद त्याच्या खालून काढून घ्या.

७) शिरोरेषा टेपच्या कडेशी समांतर करा. चित्र हलत नसेल तर कडेला पाण्याचा थेंब सोडा, ते पुन्हा तरंगेल.

८) मधून कडेकडे कापूसकाडी हलकेच लोळवत पाणी आणि हवा बाहेर काढा. घासू नका, लोळवा.

९) दहा-पंधरा मिनिटांनी मऊ करणारे द्रावण लावा आणि उठून जा.

१०) दुसऱ्या दिवशी तिरक्या उजेडात तपासा. चंदेरी ठिपका दिसला तर बारीक सुईने टोचा आणि तिथे मऊ करणाऱ्या द्रावणाचा थेंब सोडा. केशाकर्षणाने द्रव आत जातो, हवा बाहेर येते.

११) डिंकाचे अवशेष ओल्या कापसाने पुसा, राहिले तर काही काळाने ते पिवळट दिसतात. मग वार्निशचा शेवटचा हात द्या.

हवामानाचाही विचार करा. मे-जूनमध्ये लखनौत किंवा नागपुरात पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी असते. सरकवण्याआधीच पाणी उडून जाते आणि डेकल जागच्या जागी चिकटते. अशा दिवसांत सकाळी लवकर काम करा, पंखा आणि कूलर बंद ठेवा, पाणी थोडे जास्त ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात उलट अडचण असते. दमट हवेत वार्निश धुरकट होते, म्हणून फवारणीसाठी कोरडा दिवस निवडा.

९. दोष ओळखा

• चंदेरी झाक : खाली हवा आहे. चकचकीत वार्निशचा थर अपुरा होता.
• शाई पसरली : इंकजेटवर वार्निश मारले नव्हते किंवा ते वाळले नव्हते.
• फिल्म तुटली : कागद जुना झाला. एक निरुपयोगी कोपरा आधी भिजवून पाहा. तडे जात असतील तर सगळ्या कागदावर वार्निशचा हात द्या.
• काठ दिसतो : फिल्म रुंद कापली. वार्निशचे दोन-तीन थर देऊन अगदी बारीक पाण्याच्या कागदाने हलके घासा.
• पांढरे डाग : पाणी जड होते.

१०. सारांश

डेकल बसवणे म्हणजे दोन पृष्ठभागांमधून हवा काढणे. चकचकीत वार्निश हवेला जागा ठेवत नाही, पहिले द्रावण तिला ढकलून बाहेर काढते, दुसरे द्रावण फिल्मला खाचांत उतरवते, आणि शेवटचे वार्निश काठ लपवते. हात स्थिर असला तर उत्तमच, पण कारण माहीत असलेला साधा हातही हे काम नीट करतो.

मॉडेल पूर्ण झाल्यावर त्याच्या तळाशी एक चिठ्ठी लावा : इंजिनाचा वर्ग व क्रमांक, शेड, ज्या छायाचित्रावरून अक्षरे घेतली त्याची तारीख आणि ठिकाण. रंगाऱ्याने पुसलेले अक्षर वीस वर्षांनी कुणी शोधू लागले तर त्याला हा कागद उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. १:१६० प्रमाणात २० सेंमी उंचीचे अक्षर किती मिलिमीटरचे होईल? २.५ सेंमी जाड शिरोरेषेला ६०० डीपीआयवर किती ठिपके मिळतील?
२. फिल्मचा अपवर्तनांक १.४५ धरून हवेच्या एका सीमेवरचे परावर्तन काढा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, डेकल ओले असताना चंदेरी झाक का दिसत नाही, ते सांगा.
३. तुमच्या गावच्या स्थानकाच्या नामफलकाची मापे छायाचित्रावरून काढा, १:८७ प्रमाणात आराखडा करा आणि कोणता मजकूर छापता येणार नाही ते कारणासह लिहा.
४. एकाच फॉन्टमध्ये ‘आलमबाग’ हा शब्द भाषा मराठी आणि भाषा हिंदी ठेवून छापा. फरक पडतो का? पडत असल्यास रेखाटून दाखवा.
५. एका प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या अर्ध्या भागाला मॅट रंग आणि अर्ध्या भागाला मॅट रंगावर चकचकीत वार्निश द्या. दोन्हींवर एकाच कागदातील डेकल लावून तिरक्या उजेडात छायाचित्र घ्या आणि निरीक्षण नोंदवा.